खालची इंग्रजी, वरचं अहो-जाहो

मला बसून सिनेमा पाहता येत नाही. नात कॉलेजातून कुठल्या कुठल्या देशांच्या सीड्या आणते, मला खुर्चीत बसवते, पाठीला उशी देते, आणि पडद्यावर पहिलं वाक्य उमटलं की मी उठते. उठून भिंतीला टेकून उभी राहते आणि पुटपुटायला लागते. नात वैतागते. “आजी, मला वाचता येतं गं,” म्हणते. येत असेल बाई. पण मला गप्प राहता येत नाही, त्याला काय करू? ऐन उमेदीची वर्षं मी पडद्याच्या डाव्या अंगाला उभी राहून खालची इंग्रजी लोकांना मराठीत सांगितली. पगार कारकुनीचा होता, पण अंबरनाथपासून उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पापर्यंत लोक मला ओळखायचे ते ‘सांगणारी’ म्हणून.

हे काम आता कुठं उरलेलं नाही, म्हणून आधी ते काय होतं ते सांगते. स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं. अंबरनाथला एक रंगाचा कारखाना होता. कपड्यांना लागणारे रंग तिथं व्हायचे. कामगार पाळी संपवून निघाले की त्यांच्या घोट्यांवरून ते कुठल्या खात्यातले हे ओळखू यायचं, निळे घोटे, लाल घोटे. मी मॅट्रिक होऊन तिथं वेल्फेअर खात्यात कारकून म्हणून लागले. आमचे साहेब पेस्तनजी. पोटानं सुटलेले, मनानं हळवे, आणि सिनेमाचं वेड असं की मुंबईतल्या कुठल्याशा सिनेमावेड्या मंडळींकडून ते परदेशी पिक्चरं मागून आणायचे. बारक्या फितीची, डब्यांतली. दर महिन्याला एका रविवारी दुपारी कॅन्टीनच्या खिडक्यांना गोणपाटं लावायची, बाकं मांडायची, पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, आणि समोर चादर. ती चादर आमच्याच धुलाई खात्यात धुतली जायची, त्यामुळे तिला कायम एक निळसर झाक. रशिया असो की फ्रान्स, आभाळ आमच्याकडचंच दिसायचं.

अडचण एकच होती. पिक्चर परक्या भाषेतलं, आणि खाली अक्षरं इंग्रजी. कामगारांना कुठली इंग्रजी? पहिल्या खेळाला लोक अर्ध्यातून उठून गेले. साहेबांचा चेहरा बघवेना. मी उठले, पडद्याजवळ गेले आणि मोठ्यानं सांगायला लागले. का उठले ते नका विचारू. मला लहानपणापासून एका जागी बूड टेकून बसता येत नाही, आणि कोणाला काही कळत नसलं की माझ्या अंगाची लाही होते. दुसऱ्या खेळाला साहेबांनी एक स्टूल आणि एक भोंगा दिला. झाले मी सांगणारी.

मशीन चालवायला लछमनदास नावाचे सिंधी गृहस्थ होते. सिंधमध्ये त्यांचं स्वतःचं थेटर होतं, फाळणीत गेलं. आता कॅम्पातल्या बराकीत राहायचे आणि आमचं मशीन चालवायचे. ते मला ‘बुधाइणवारी’ म्हणायचे, म्हणजे सिंधीत सांगणारीच. त्यांची माणसं कॅम्पातून चालत यायची. त्यांच्यासाठी मधूनमधून हिंदीत सांगायचं. पिक्चरमध्ये चुंबन आलं की लछमनदास भिंगासमोर हात धरायचे आणि मी “पुढे” म्हणायचे. त्या एका ‘पुढे’वर बाकांवरची पोरं हसून घ्यायची.

लोकांना वाटायचं, त्यात काय, वाचायचं आणि बोलायचं. येऊन बघा म्हणावं. वाक्य पुसलं जायच्या आत बोलून संपवावं लागतं, नाहीतर पुढचं येऊन डोक्यावर बसतं. नाटकी बोलायचं नाही. रडणारी बाई पडद्यावर आहे, आपण रडायचं कारण नाही. परकी नावं लोकांच्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून ‘टोपीवाला’, ‘थोरली’, ‘लंगडा’ असं करत जायचं. आणि पिक्चर आधी बघायला मिळत नाही. डबे यायचे शनिवारी संध्याकाळी, परत जायचे सोमवारी. त्यामुळे बाकांवरच्या लोकांना जेवढं ठाऊक तेवढंच मला. पुढं कोण मरणार, हे मलाही त्यांच्याबरोबरच कळायचं.

गिऱ्हाइकं एकेक. कॅम्पातले एक टेलरमास्तर खडू आणि पुठ्ठा घेऊन पहिल्या बाकावर बसायचे. हिरॉईनचा ब्लाऊज आवडला की लछमनदासना ओरडून मशीन थांबवायला सांगायचे. पुढच्या आठवड्यात उल्हासनगरच्या बाजारात तो गळा टांगलेला. खरवईची काळूबाई गेटवर काकड्या विकायची. ती टोपली घेऊनच आत यायची आणि दर पिक्चरला मला तोच प्रश्न: “अगो पोरी, या लोकांना जेवाला भात नाय का गो?” फक्त जपानी पिक्चर लागलं तेव्हा पडद्यावर भात आला, आणि काळूबाई इतकी सुखावली की मधे एकदाही बोलली नाही.

जपानी पिक्चरं मला तेव्हाही आवडायची, आताही आवडतात. चपला बाहेर काढतात, खाली बसतात, सून सासऱ्याला वाकून वाढते. आमच्या लोकांना काही सांगावंच लागत नसे. रशियन पिक्चरमध्ये आभाळ फार. जो तो हनुवटी वर करून लांब कुठंतरी बघतो. अरे बाबा, शेजारी बायको उभी आहे, तिच्याकडे बघ की. फ्रेंच लोक बोलतात किती! एका पिक्चरनंतर माझा घसा बसला तो चार दिवस उठला नाही. अमेरिकेच्या पिक्चरमध्ये कोणाला कसली शंका येत नाही, सगळ्यांचं सगळं आधीच ठरलेलं. मुक्या पिक्चरांची तर मजाच वेगळी. मला काही काम नसायचं, आणि लोकांना सगळं कळायचं. तेव्हा वाटायचं, बोलायला लागून सिनेमानं काय कमावलं कोण जाणे. नात आणते त्या नव्या पिक्चरांमध्ये कॅमेरा माणसाच्या पाठीमागून तासभर चालतो. मी म्हणते, पुढं जाऊन त्याचं तोंड तरी दाखवा. पण इराणची पिक्चरं मी उभ्यानं संपवते. लहान गोष्ट घेतात आणि धरून ठेवतात.

इटालियन पिक्चरं मात्र आमच्या कॅन्टीनची लाडकी. माणसं रस्त्यावर राहतात, ओरडून भांडतात, दोरीवर कपडे वाळत घालतात, आणि गरिबी लपवत नाहीत. आणि त्या इटालियन पिक्चरांपैकीच एकानं मला घोळात घेतलं.

आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा काटा म्हणजे इंग्रजीतलं ‘यू’. राजालाही यू, चोरालाही यू, बायकोलाही यू. मराठीत तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं, तू की तुम्ही. विचार करायला वेळ नसायचा. कपडे बघायचे, वय बघायचं, कोण बसलंय आणि कोण उभं आहे ते बघायचं, आणि ठोकून द्यायचं. एकदा मी एका म्हातारीच्या तोंडून पाद्र्याला ‘अरे’ म्हणवलं आणि सबंध कॅन्टीन हसलं. पण एका बाबतीत मला कधी शंका आली नव्हती. बायको नवऱ्याला ‘अहो’च म्हणणार. देश कुठलाही असो. मी पॅरिसच्या बायकांना अहो म्हणायला लावलं, मॉस्कोच्या बायकांना लावलं. दुसरं काही असू शकतं, हे माझ्या मनात आलंच नाही.

आता घरचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही बदलापूरचे. अण्णा शाळामास्तर होते, निवृत्त झालेले. माझी थोरली बहीण वत्सला, मी तिला ताई म्हणायची, आमच्याच कारखान्यातल्या एका फोरमनला दिली होती. भावोजी दिसायला रुबाबदार, गणपती मंडळाचे चिटणीस, वेल्फेअर समितीवर मेंबर. चार लोकांत बोलणं असं की ऐकत राहावं. घरात ताईला मारायचे. ताईनं कधी सांगितलं नाही. एका दिवाळीला ती माहेरी आली आणि आईनं तिला न्हाऊ घालताना पाठ पाहिली, तेव्हा कळलं. आई न्हाणीघरातच बसून राहिली. त्या दिवाळीनंतर ताई परत गेली नाही.

पण माहेरी राहणं म्हणजे त्या काळी काय होतं, हे आता मुलींना समजावून सांगता येत नाही. येणारा जाणारा विचारायचा, जावईबापू कधी येणार न्यायला? अण्णा माणूस वाईट नव्हते, घाबरट होते. त्यांनी मला एकदा ओटीवर बसवून स्पष्ट सांगितलं, की माझ्या पेन्शनीत चार तोंडं भागत नाहीत, घर चालतंय ते तुझ्या पगारावर. तुझी नोकरी आहे तोवर वत्सू इथं राहील, नोकरी गेली तर मला तिला पाठवावंच लागेल. म्हणजे ताईचं राहणं माझ्या नोकरीवर टांगलेलं. मी रोज सकाळी स्टेशनाकडे जाताना तेच मनात घोळवत जायची. पाऊल आपोआप भरभर पडायचं.

ताई माझ्याबरोबर रविवारच्या खेळाला यायला लागली. काळूबाईच्या शेजारी बसायची. भावोजी समितीचे मेंबर म्हणून पुढं खुर्चीवर. एकमेकांकडे बघायचे नाहीत. त्या रविवारी ते इटालियन पिक्चर लागलं. समुद्राकाठचं गाव. नवरा होड्यांना डांबर लावतो, बायको मासे खारवते. नवरा दारू पितो आणि मारतो. पिक्चरभर ती बाई सोसते, आणि मी तिला पिक्चरभर अहो-जाहो करायला लावलं. “अहो, जेवून घ्या.” “अहो, पोरं जागी होतील, हळू बोला.” मला ताईकडे बघायचं धैर्य झालं नाही.

शेवटी धक्क्यावरचा प्रसंग. सगळं गाव जमलेलं, बायका ओळीनं बसून मासे खारवतायत, आणि नवरा तिला घरी चल म्हणून हाक मारतो. ती मान वर न करता मीठ चोळत राहते. मग तीन वाक्यं बोलते. खाली अक्षरं उमटली, तोच ‘यू’: शेवटचं मारून झालं, मी येणार नाही, जा. माझ्या तोंडात ‘तुम्ही’ आलं होतं. ते बाहेर पडेना. वाक्य पुसलं जायची वेळ झाली, आणि भोंग्यातून माझाच आवाज मला ऐकू आला.

“तुझं शेवटचं मारून झालं. मी येणार नाही. तू जा.”

बायकांच्या बाजूला बांगड्या वाजल्या, तेवढंच. मग काळूबाई मोठ्यानं म्हणाली, “बरा केलास गो बाय!” आणि तिच्या पाठोपाठ बायका बोलायला लागल्या, सगळ्या एकदम. भावोजी खुर्ची सरकवून उठले आणि माझ्यासमोरून बाहेर गेले. मी ते ताईसाठी म्हटलं का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. मी ठरवून म्हटलं नाही. पण ते म्हटल्याचा मला आनंद झाला, आणि तो मी कधी लपवला नाही.

मंगळवारी तक्रार आली. समितीपुढं भावोजींनी मांडलं, की सांगणारीनं मूळ पिक्चरमध्ये नसलेले शब्द घालून कामगारांच्या बायकांना चिथावलं. अशा बाईला खात्यात ठेवू नये. बोलले अगदी शांतपणे, सभ्य भाषेत. समितीत पेस्तनजी, भावोजी, युनियनचा एक पुढारी आणि कोपऱ्यात मी. त्या दिवशी मी खुर्चीत बसलेच नाही. ताई घरी भाजी निवडत असेल, आणि इथं एका अक्षराच्या शब्दावर तिचं पुढचं आयुष्य ठरत होतं.

वाद सुरू झाला तो ‘यू’चा. भावोजी म्हणाले, यू म्हणजे तुम्ही, शाळेत हेच शिकवतात. युनियनचा पुढारी म्हणाला, आमच्या शाळेत तर यू म्हणजे तू शिकवलं. पेस्तनजी घाम पुसत म्हणाले, “अरे बाबा, यू मंजे यू. त्यात तू पण आला, तुम्ही पण आला. इंग्लिश लोक कंजूस, एक शब्दात भागवते.” मग भावोजींनी मुद्द्याचं काढलं. इंग्रजीचं राहू द्या, ते तर भाषांतर आहे. मूळ इटालियन बाई काय म्हणाली ते सांगा.

आता इटालियन कुठून आणायचा? पण आणायची गरजच नव्हती. तो कारखान्यातच होता. रंग वाळवायचं नवीन यंत्र आलं होतं, ते बसवायला तिकडचा एक मिस्त्री आलेला. सगळे त्याला ‘इटली मिस्त्री’ म्हणायचे. रविवारी तो पिक्चरला होता, आणि कोणी हसत नव्हतं तिथं एकटा हसला होता. त्याला बोलावलं. हात पुसत आला. त्याची इंग्रजी माझ्याहून कच्ची. पेस्तनजींनी विचारलं, की त्या पिक्चरमधली बायको नवऱ्याला मानानं बोलते की अमानानं. त्याला कळेना. मग मीच विचारलं, तुझी बायको तुला काय म्हणते? आणि समजावं म्हणून, ‘तू’ हा जवळचा शब्द, ‘तुम्ही’ लांबचा, असं हातानं करून दाखवलं.

त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, “तू.”

मला वाटलं तो माझी नक्कल करतोय. तसं नव्हतं. त्यांच्या भाषेत तू हा शब्द ‘तू’च आहे. अगदी आपलाच. बायको नवऱ्याला तू, नवरा बायकोला तू, आईला तू, देवाला तू. लग्नाच्या दिवसापासून तू. म्हणजे पिक्चरभर ती बाई तू-तू करत होती, ते कानांवर पडत होतं, आणि मी वरून अहो-अहो करत होते. खालची अक्षरं गाठायच्या घाईत मी त्या बाईचं ऐकलंच नव्हतं. मला अशी काही लाज वाटली म्हणता! पॅरिसच्या, मॉस्कोच्या सगळ्या बायका डोळ्यांपुढून गेल्या. कोणाकोणाच्या तोंडी मी काय काय घातलं असेल, देव जाणे.

युनियनचा पुढारी आपल्याशीच म्हणाला, लग्नाच्या दिवसापासून तू? त्याला ते फार लागलेलं दिसलं. पेस्तनजींना वाटलं सुटलो. त्यांनी मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, म्हणजे धक्क्यावर पण तू, आपली पोरगी बरोबर बोलली. मिस्त्रीनं मान हलवली. नाही म्हणाला. धक्क्यावर ती तू म्हणत नाही. तिथं ती लांबचा शब्द वापरते, परक्याला, पाद्र्याला, दुकानदाराला वापरतात तो. नेमकं तिथंच माझ्या भोंग्यातून ‘तू’ आला, म्हणून रविवारी तो हसला होता.

“म्हणजे तुम्ही,” भावोजी म्हणाले. “बघा. तुम्हीच म्हणाली ती. मानानं बोलली.”

मिस्त्री काहीतरी समजावू लागला होता. की आमच्याकडे बायको नवऱ्याला तो शब्द कधी वापरत नाही, वापरला म्हणजे... त्याला पुढचा इंग्रजी शब्द सापडेना. तो हातानं काहीतरी पुसून टाकल्यासारखं करत राहिला. भावोजींचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना हवा होता तो शब्द मिळाला होता. त्यांनी अट घातली: पुढच्या रविवारी तेच पिक्चर त्याच लोकांसमोर पुन्हा दाखवायचं, आणि सांगणारीनं मूळ बाई बोलली तसं, शब्दाला शब्द सांगायचं. धक्क्यावर ‘तुम्ही’ म्हणायचं. तसं केलं तर तक्रार मागे. पेस्तनजींनी लगेच कबूल केलं आणि मुंबईला ट्रंककॉल लावून परत गेलेलं पिक्चर पुन्हा मागवून घेतलं. मी कबूल म्हणाले. नोकरी राहत होती, म्हणजे ताई राहत होती. पण बाहेर आले आणि मला थुंकावंसं वाटलं.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. फाइली उलट्या लावल्या. घरी जेवताना उठून अंगणात जायची. ताईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की तो मिस्त्री हातानं करत होता ते कसं? मी करून दाखवलं. तिनं ते पुन्हा एकदा करायला सांगितलं.

रविवारी कॅन्टीन फुटेस्तोवर भरलं. बातमी कॅम्पापर्यंत गेली होती, बराकी ओस पडून बायका आल्या होत्या. मी स्टुलावर चढले. सुरुवातीलाच सांगून टाकलं, की मागच्या वेळी माझं चुकलं, ही बाई नवऱ्याला तू म्हणते, त्यांच्याकडे तशीच रीत आहे, आणि तिचा ‘तू’ तुम्हालाही ऐकू येईल. पहिलं “अरे, जेवून घे” ऐकलं तेव्हा हशा उठला. दुसऱ्यालाही उठला. नवरे बायकांकडे बघून कोपरखळ्या मारत होते. पोरांना खेळच सापडला, पडद्यावरची बाई तू म्हणाली की ती पण “तू!” म्हणायची. पण हसून हसून किती हसणार? हळूहळू लोकांच्या कानाला सवय झाली. मग तो तू नुसता तू राहिला. घरातला. मार खाल्ल्यावरही ती तूच म्हणत होती, आणि त्यात माया होती. हे मला मागच्या वेळी दिसलंच नव्हतं. ती बाई त्या माणसावर जीव टाकत होती.

आणि मग धक्का आला. नवऱ्यानं हाक मारली. तिनं मान वर केली नाही, मीठ चोळत राहिली. मी अक्षरांकडे पाहिलं नाही, या खेपेला कान दिला. तिच्या तोंडून तू आला नाही. पोरं तू म्हणायला तयार होती, ती तोंडं उघडी ठेवून थांबली. सगळ्या कॅन्टीनला ते ऐकू आलं.

मी भोंगा तोंडाशी धरला आणि भावोजींनी सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द सांगितलं. “तुमचं शेवटचं मारून झालं. मी येणार नाही. तुम्ही जा.”

या वेळी बांगड्या वाजल्या नाहीत. काळूबाईनं तोंडाला पदर लावला. मागच्या बाकावर एक सिंधी म्हातारी हुंदके देत होती, तिला तर माझं मराठी धड कळतही नव्हतं. दिवे लागले तरी कोणी उठेना. पेस्तनजी चष्मा काढून बसले होते. भावोजी मात्र समाधानानं उठले. माझ्याजवळ आले, म्हणाले, आता कसं बरोबर झालं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. तक्रार त्यांनी दुसऱ्या दिवशी मागे घेतली.

पुढं पेस्तनजी निवृत्त झाले. नव्या साहेबांना भजनाची आवड. खिडक्यांची गोणपाटं गेली, चादर धुलाई खात्यातच राहिली. मी कारकून म्हणून पुष्कळ वर्षं काढली, बढत्याही मिळाल्या. पण अंगातली चुळबूळ गेली नाही ती नाहीच. कधी वाटतं, पुन्हा एकदा ती सगळी पिक्चरं लावावीत आणि या खेपेला आधी ऐकावं, मग बोलावं. ते काही आता व्हायचं नाही.

भावोजींचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या खेळानंतरच्याच आठवड्यात ते बदलापूरला आले. पेढ्यांचा पुडा घेऊन. जिंकलेला माणूस, उदार मनानं आलेला. अण्णांना म्हणाले, झालं गेलं विसरू, न्यायला आलोय. अण्णांचा चेहरा एकदम हलका झाला. आई आत जाऊन ताईची पिशवी भरू लागली. मी ओटीच्या खांबाला धरून उभी होते. सांगणं माझं काम, पण इथं बोलायचं होतं ते ताईनं.

ताई बाहेर आली. नीट पातळ नेसलेली, डोक्यावरून पदर. तिनं आधी तांब्याभांडं आणून ठेवलं. मग खुर्चीवरची धूळ झटकून त्यांना बसायला सांगितलं. पाहुण्यांसाठीच्या कपबशीत चहा आणला, ते नेहमी प्यायचे त्या वाटीत नाही. प्रवास कसा झाला, विचारलं. घरची सगळी बरी आहेत ना, विचारलं. भावोजी उत्तरं देत होते आणि हळूहळू त्यांना खुर्चीत नीट बसता येईना. त्यांच्याच बायकोनं त्यांना इतक्या अदबीनं कधी विचारलं नव्हतं. चहा संपला. ते उठले, म्हणाले, “चल, पिशवी घे. गाडीची वेळ झाली.”

ताईनं त्यांना हात जोडले.

“बरं,” ती म्हणाली. “या तुम्ही.”

ते थांबले. त्यांना वाटलं ती बोलावतेय, ते एक पाऊल तिच्याकडे सरकलेसुद्धा. ती हात जोडूनच उभी होती, दारातून बाजूला झाली नाही. पाहुणा निघाला की आपण जा म्हणत नाही, या म्हणतो. ते त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मी काही सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी ताईकडे पाहिलं. मग पायात चपला सरकवल्या, आणि जावयाला अंगणातून फाटकापर्यंत पोचवून आले, सावकाश जा म्हणाले.

परत आले ते आईला हाक मारून म्हणाले, “वत्सूचं पान मांड.”